आधी वजन सांगा

मोरूभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसायचं तर आधी वजन सांगावं लागायचं. नाव नाही सांगितलं तरी चालायचं.

वरसे गावात आमच्या शेजारचंच घर त्यांचं. कंपनीत शिफ्ट. मला स्टेशनवर सोडायला थांबले, की हायसं वाटायच्या आत प्रश्न येई, "कालच्यापेक्षा काय वाढलंय?" मग सीटखालून पाना काढून ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसत. तिथं दोन्ही बाजूंना शॉकअप असतात, आणि त्यांच्या स्प्रिंगखाली खाचांची एक कडी. माणूस जड असला की कडी फिरवून स्प्रिंग घट्ट करायची, हलका असला की ढिली, नाहीतर प्रत्येक खड्डा थेट हाडात जातो. ही सोय असते हे निम्म्या गाडीवाल्यांच्या गावीही नसतं. मोरूभाऊ मात्र माणूस बदलला की खाच बदलणार म्हणजे बदलणार. "स्प्रिंगला फसवायचं नाय," असं ते म्हणत. तोवर माझी पनवेलची ट्रेन निघून गेलेली असे.

लोक वजन खरं सांगत नाहीत, हे त्यांचं मोठं दुःख होतं. पुतणीला बघायला मुलगा येणार होता, त्याला स्टेशनवरून आणायचं काम भाऊंकडे आलं. मुलगा म्हणाला, साठ किलो. भाऊंनी एकवार त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि त्याला थेट भाताच्या गिरणीत नेऊन काट्यावर उभा केला. सत्त्याहत्तर भरला. घरी आल्यावर पाहुण्यांदेखत म्हणाले, "मुलगा चांगला हाय, पण सतरा किलोचं खोटं बोलतो." लग्न झालं. जावई मात्र नंतर रिक्षानेच येत राहिला.

सुमनवहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, भाऊ कधी वजन विचारत नसत. भाऊ काही काडीपैलवान नव्हते, पण वहिनी त्यांच्याहून भरभक्कम. त्या अंगणात आल्या की भाऊ कडी पार टोकाला नेत आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडत, "शेवटची खाच! बस गो!"

"जळलं मेलं तुमचं तोंड," म्हणत वहिनी बसत.

गणपतीची मूर्ती दोघं दरवर्षी पेणहून गाडीवरच आणत. वहिनींच्या मांडीवर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल आणि खाली नागोठण्याचे खड्डे. इतक्या वर्षांत बाप्पाच्या बोटालासुद्धा धक्का लागला नाही. याचं श्रेय भाऊ स्प्रिंगला देत. बाप्पाचा नंबर दुसरा.

मग एका उन्हाळ्यात वहिनींच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण बाई अर्धी झाली. भेटायला येणारी प्रत्येक बाई दारातूनच म्हणे, "अगो बाय, काय ही दशा!" वहिनींनी घराबाहेर पडणंच सोडलं. देवळात नाही, बाजारात नाही, कुणाच्या हळदीकुंकवाला नाही. गणपती जवळ आले तेव्हा भाऊंना म्हणाल्या, "यंदा एकटेच जावा. मूर्ती ठेवायला मांडी कुठं राहिलीय माझी?"

भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "या वेळेला नाय उठली, तर परत कधी उठायची नाय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात पाना वाजला. मी कुंपणापाशी गेलो. भाऊ कडी फिरवत होते. ढिली करत, ढिली करत त्यांनी ती माझ्या खाचेवर आणली. आणि मला तर वारा आला की दाराला धरून उभं राहावं लागतं! मग भाऊ उठले आणि आळी हादरेल असे ओरडले, "शेवटची खाच! तरी स्प्रिंग कुरकुरते हाय! ये गो, बस!"

हा माणूस वजनाबद्दल खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

बराच वेळ दारात कुणी आलं नाही. मग वहिनी आल्या, पदर घट्ट ओढून. "जळलं मेलं तुमचं तोंड," म्हणाल्या आणि बसल्या.

संध्याकाळी बाप्पा आले. भाऊ पाट आणायला आत गेले, तशा अजून गाडीवरच बसलेल्या वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, शेवटची खाच असती तर या वजनात नागोठण्यापर्यंतच माझी हाडं खिळखिळी झाली असती. इतकी वर्षं ऐकतेय, एवढं नाय कळत मला?"

"मग बसलात कशा?"

मांडीवरची मूर्ती त्यांनी दोन्ही हातांनी सावरून धरली होती.

"त्यांचा आवाज ऐकलात नव्हं तुम्ही? रडू दाबून ओरडत होते हो. अशा माणसाला एकट्याला कसं पाठवू पेणला?"