वरच्या पाड्यावरचा मांडव

नरेंद्र शेटच्या मंडप डेकोरेशनमध्ये ओमकार लग्नसराईपुरता कामाला लागला, तेव्हा शेटनं त्याला कामाबद्दल फारसं सांगितलं नाही. बांबू धरायचा, दोरी ओढायची, कापड खाली पडू द्यायचं नाही, एवढंच. ज्या दोघांबरोबर काम करायचं ते एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्याला टेम्पोत बसल्यावर कळलं.

त्यातले जयराममामा मांडव बांधण्यात मुरलेले. मुरबाड तालुक्यातलं एकही अंगण आपल्याला नवीन नाही, असं ते सांगत आणि म्हणून कुणालाही रस्ता विचारत नसत. दुसरा नवसू, टेम्पोचा ड्रायव्हर. मागच्या सराईत एका लग्नात मामा जेवायला बसताना नवसूला हाक मारायला विसरले होते. नवसू उपाशीपोटी टेम्पोत झोपला, आणि उठला तो अबोला धरूनच. आता दोघांच्या मधल्या सीटवर ओमकार बसायचा. पोलीस भरतीची जाहिरात निघेपर्यंत घरी रिकामं बसण्यापेक्षा हे बरं, असं त्याला पहिले काही दिवस वाटलं.

त्या दिवशी सिद्धगडच्या बाजूच्या एका गावात देवकीबाईंच्या मुलीची हळद होती. शेटनं निघताना सांगितलं, "विहिरीजवळचं घर. लग्नघर आहे, दिसेलच तुमाला."

गावाशी रस्ता फुटत होता. एक खालच्या पाड्याला जात होता, एक वरच्या. नवसूनं टेम्पो उभा केला आणि समोर बघत म्हणाला, "इचार त्यांना, कुठं वळायचं."

"मामा, नवसूदादा विचारतात, कुठं वळायचं?"

"त्याला म्हणावं, वर."

"दादा, वर म्हणतात."

नवसूनं क्षणभर स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग टेम्पो वर घेतला.

वरच्या पाड्यावरही विहीर होती. विहिरीजवळ घर होतं, आणि घरासमोरचं अंगण ताजं सारवलेलं होतं. मामांना आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. अंगणात जुन्या लुगड्यावर एक बाई पापड वाळत घालत होती. तिचं नाव गोजाबाई.

"मावशी, पापड उचला," मामा म्हणाले. "मांडव घालायचाय."

गोजाबाई टेम्पोतल्या बांबूंकडे बघत राहिली. तिचा मुलगा अनिकेत मुरबाडच्या एका कंपनीत कामाला होता. तिशी ओलांडून गेली तरी त्याचं लग्न होत नव्हतं. त्याच्या सख्ख्या मामानं दाखवलेल्या सगळ्या मुलींमध्ये त्यानं काही ना काही खोट काढली होती. शेवटी गोजाबाईनं विषयच सोडून दिला होता. आता मांडव दारात आला होता आणि घरात कुणी काही बोललं नव्हतं. अनिकेतला फोन लावावा तर कंपनीत मोबाइल गेटवरच काढून घेतात. 'मांडव कुणाचा' असं मांडववाल्यांनाच विचारायची तिला लाज वाटली. आपल्या पोराचं लग्न आपल्यालाच ठाऊक नाही, हे परक्या माणसांना कसं सांगणार? तिनं पापड उचलले आणि चहा टाकला.

"घर चांगलं आहे," चहा पिता पिता मामा ओमकारला म्हणाले. "नायतर लग्नघरात चहा कुठं देतात लवकर."

मांडव अर्धा उभा राहिला तेव्हा शेजारची सकुबाई आली. "गो गोजा, कधी ठरलं? सांगितलं पन नाय आमाला."

"ठरलं घाईत," गोजाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

हे दोन शब्द पाड्यावर फिरायला वेळ लागला नाही. कुणी मांडवाला बांधायला जांभळीच्या डहाळ्यांचे टाळे तोडून आणले, कुणी हळद कुटायला घेतली. बाया ओट्यावर बसून लग्नाची गाणी, धवले, गाऊ लागल्या. गाण्यात नवरीचं नाव यायची वेळ झाली की सगळ्या गोजाबाईकडे बघत आणि गोजाबाई चुलीकडे जाई. पाड्यातला सगळ्यात म्हातारा काळूबाबा काठी टेकत आला आणि मांडवाखाली पहिल्या खुर्चीवर बसला. ओमकारला हे सगळं आवडत होतं. एवढ्या कौतुकानं त्यांच्या मांडवाकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

झालर लावून झाली आणि मामांचा फोन वाजला. मामांनी थोडं ऐकलं, चेहरा न बदलता फोन ओमकारच्या हातात दिला आणि खिळे गोळा करू लागले.

"अरे, कुठं मेलात?" शेट विचारत होता. "देवकीबाईंच्या दारात एक बांबू नाय. पाव्हणे उन्हात बसलेत. संध्याकाळला हळद आहे."

"शेट, मांडव तर झाला."

"कुठं झाला?"

ओमकारनं इकडेतिकडे बघितलं. "वरच्या पाड्यावर."

 मग शेट म्हणाला, "घर खालच्या पाड्यावर आहे. नवसू माझ्यासोबत मांडवाच्या मापाला आलेला. त्याला इचारलं नाय?"

ओमकार टेम्पोकडे गेला. नवसू सीटवर आडवा होऊन मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

"दादा, तुमाला घर ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाय?"

"मला कुणी इचारलं? त्यांनी वर सांगितलं, मी वर आणलं. मी ड्रायवर माणूस."

मामांचं म्हणणं असं की ड्रायव्हरनं सांगायला पाहिजे होतं. नवसूचं म्हणणं, विचारणाऱ्यानं विचारायला पाहिजे होतं. ही दोन्ही म्हणणी ओमकारनं अंगणातून टेम्पोत आणि टेम्पोतून अंगणात अनेकदा पोचवली. शेवटी एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. मांडव उतरवायचा, आणि ते त्या बाईला ओमकारनं सांगायचं.

"तू शिकलेला आहेस," मामा म्हणाले.

"त्यांना म्हणावं, बरोबर बोलले," नवसू म्हणाला.

ओमकारनं आधी काळूबाबाच्या कानावर घालून बघितलं. "बाबा, समजा, उभा मांडव उतरवायचा झाला तर?"

"उभा मांडव लग्नाशिवाय उतरवीत नाय रे," काळूबाबा शांतपणे म्हणाला. "पोराचं मग कधीच जमत नाय."

ओमकार मागच्या दारानं चुलीपाशी गेला. गोजाबाई मोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. रस्ता, विहीर, सारवण, काही सोडलं नाही. ती रागावेल, ओरडेल, निदान रडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं उलथनं बाजूला ठेवलं आणि पाटावर बसली.

"म्हंजे त्याचं ठरलेलं नाय," ती म्हणाली.

"नाय, मावशी."

"मला वाटलं, पोरानं ठरवलंन आनी लाजला सांगायला." बाहेर बायांनी नवीन गाणं धरलं होतं. "आता त्यांना काय सांगू? सकाळधरनं गातात बिचाऱ्या. त्यांना जेवू दे. मग तू तुझा मांडव ने. पन अनिकेतला कळायला नको रे. त्याला लय वाईट वाटंल."

पोलीस भरतीत धावण्याची, उडीची, गोळ्याची परीक्षा असते. अशा वेळी काय बोलायचं, याची तयारी ओमकारनं केलेली नव्हती. मांडवाची एक दोरी घराच्या बाजूनं ओढून मागच्या अंगणातल्या खांबाला बांधली होती, ती सोडायला तो तिथं गेला. गाठ सैल केली आणि दोरी हातात धरून जेवणं व्हायची वाट बघू लागला.

तेवढ्यात पहिली पाळी संपवून अनिकेत आला. मोटरसायकल विहिरीपाशीच थांबली. त्यानं मांडव बघितला, टाळे बघितले, गाणाऱ्या बाया बघितल्या. सकुबाईनं त्याच्या गालाला हळद लावली, ती त्यानं लावू दिली. मग तो घराला वळसा घालून मागच्या अंगणात आला. ओमकार खांबाआड होता. गोजाबाई दारात उभी होती.

अनिकेतनं डब्याची पिशवी खाली ठेवली. "आई, तुला कुणी सांगितलं?"

गोजाबाईनं डब्याची पिशवी उचलली.

"मी सांगनारच होतो," तो घाईघाईनं म्हणाला. "आमच्या कंपनीतली संजीवनी पन म्हनत होती, सांग म्हनून. पन ती माझ्याहून दोन वर्सांनी मोठी आहे. तू नाय म्हनशील म्हनून भ्यालो. म्हनून त्या सगळ्या पोरींना नाय म्हनत होतो. तुला मामानं सांगितलं का? कंपनीतल्या कुणी?"

गोजाबाईनं खांबाआडच्या ओमकारकडे एकदा बघितलं. मग पदरानं मुलाच्या गालावरची हळद नीट पसरवली.

"आईला कळतं," ती म्हणाली. "मोठी आहे तर बरंच. तुला सांभाळील. जा, तिच्या घरी फोन लाव. म्हनावं, आई उद्या येते."

अनिकेत फोन घेऊन विहिरीकडे गेला. गोजाबाईनं ओमकारच्या हातातली दोरी बघितली आणि फक्त मान हलवली. ओमकारनं गाठ पुन्हा आवळली. मग त्यानं शेटला फोन लावला.

"शेट, गोडाउनमधून दुसरा मांडव पाठवा खालच्या पाड्यावर. न्यायला नवसूदादा टेम्पो घेऊन निघतील आता."

"आनी तिथला?"

"तो नाय निघायचा. इथं पन लग्न आहे."

"कुणाचं?"

ओमकारनं विहिरीकडे बघितलं. अनिकेत एका कानावर हात धरून बोलत होता आणि हळदीच्या गालानं हसत होता.

"ठरतंय," ओमकार म्हणाला.