साळिंदराच्या कॉम्प्युटरचं नवं डोकं

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका बाळांनो, माझी सोयरीक आहे तिकडं) अंबादास नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याच्याकडं एक कॉम्प्युटर होता. त्यावर तो पत्रिका जुळवायचा. लग्न सशांचं असो नाहीतर सांबरांचं, नवरानवरीची जन्मवेळ अंबादासला सांगायची. तो बटणं दाबायचा आणि छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पडद्यावर यायचं.

पण लगेच नाही हं! कॉम्प्युटर म्हातारा होता. बटण दाबलं की घुरघुरायचा, तापायचा, मधेच गप्प व्हायचा. आकडा यायला चांगले दोन तास लागायचे. तोवर दोन्हीकडची मंडळी अंगणात बसायची. अंबादासची बायको गोदावरी उकडलेली रताळी आणि गवती चहा आणून ठेवायची. चहा पिता पिता कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी आजोळची निघायची. "अगं बाई, म्हणजे आपण घरचेच की!" मग दोन तासांनी पडद्यावर अकरा आले काय आणि तेवीस आले काय, बघतंय कोण? तोवर सुपारी फुटलेली असायची.

अशी शंभर लग्नं जमली. एकही मोडलं नाही. "आपलं यंत्रच तसं गुणी आहे," असं अंबादास चारचौघांत सांगायचा.

पण सुखाचा जीव दुःखात घालायची हौस कुणाला नसते? एक दिवस मुंगूस मिस्त्री आला. जंगलातले सगळे कॉम्प्युटर तोच उघडायचा आणि त्यातले काही परत लावायचा.

"काय हे अंबादासराव! दोन तास? पलीकडच्या रानात बटणावरचं बोट उचलायच्या आत आकडा येतो."

"मग काय करायचं म्हणता?"

"प्रोसेसर बदला. प्रोसेसर म्हणजे याचं डोकं. सगळा विचार तेच करतं. त्याच्याबरोबर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्डही बदलू. आणि या मेमरीच्या चार पट्ट्या..."

"छे छे छे! त्यांना हात लावायचा नाही. चांगल्या चालताहेत. डोकं तेवढं नवं घाला."

बघा, आपलं असंच असतं. नवीन हवं असतं, पण जुनं टाकायचं म्हटलं की जिवावर येतं. मुंगसानं जुन्याच मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडायच्या पाटावर, बसेल असं नवं डोकं आणलं, बसवलं, जुनं पिशवीत टाकलं आणि तो गेला. नवी विटी, नवं राज्य!

दुसऱ्या दिवशी भेकरांची दोन घरं आली. मंडळी नीट टेकलीही नव्हती. अंबादासनं ऐटीत बटण दाबलं. टण्! चौदा गुण. जुनं ग्राफिक्स कार्ड अजून कुंडलीची चौकट एकेक रेघ करून काढत होतं, पण आकडा केव्हाच येऊन बसला होता.

"चौदाच?" मुलाची आई म्हणाली. "उठा हो."

रताळी चुलीवरच राहिली. कुंडली काढून झाली तेव्हा पाहुणे ओढा ओलांडून गेले होते.

आठवडाभरात सात सोयरिकी मोडल्या. सशांचे तर पस्तीस गुण जुळले, तरी मोडली. मुलीचा बाप कान टवकारून म्हणाला, "डोळ्याचं पातं लवायच्या आत पस्तीस? नीट बघितलं तरी का हो त्यानं?"

आणि नेमकी तेव्हाच अंबादासच्या लेकीला, शेवंतेला, मागणी आली. मुलगा ओढ्यापलीकडच्या तुळशीराम साळिंदराचा, रंगनाथ. खरं सांगू का, मागणी मागाहून आली, त्या दोघांचं ओढ्यावर आधीच ठरलं होतं. पण तुळशीराम महाकडक. त्याचा निरोप आला, "पोरगी पसंत आहे. पत्रिका जुळली तरच पुढचं. सोमवारी येतो. तुमच्याच यंत्रावर बघू."

अंबादासनं गुपचूप बटण दाबलं. टण्! नऊ. पुन्हा दाबलं. नऊ. देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा दाबलं. नऊ!

शेवंता दारात उभी होती. "बाबा, मी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नाही. सांगून ठेवते," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. पोरीवर अंबादासचा फार जीव होता.

"नऊच्या मागं एक तीन लिहून टाका," गोदावरी म्हणाली.

"अगं, छत्तीसातले एकोणचाळीस देऊ? आणि शंभर घरांना खरा आकडा सांगितला, आता स्वतःच्या पोरीसाठी खोटं बोलू?"

"कसला खरा आकडा घेऊन बसलात! तुमच्या यंत्रानं कधी लग्नं जमवली? लग्नं जमवली माझ्या रताळ्यांनी. आता ती शिजेपर्यंत थांबतंय का कुणी?"

अंबादासच्या अंगावरचे काटे आधी रागानं उभे राहिले. मग हळूहळू बसले. तो उठला आणि तडक मुंगसाकडं गेला.

"मिस्त्री, माझं जुनं डोकं परत घाला."

"ते गेलं की! सिंहाच्या कचेरीत बसवलं. फार चपळ निघालं म्हणतात."

"अहो, माझ्या पोरीचा संसार मांडायच्या आधीच मोडतोय. याला हळू करा कसंही!"

मुंगसानं डोकं खाजवलं. "मेमरीच्या तीन पट्ट्या काढतो. एकीवर भागवायचं. मग नवीन काही आठवायचं तर त्याला आधीचं उतरवून ठेवावं लागेल. ताटकळत बसेल बिचारं."

"किती वेळ?"

"दोन तास तर सहज. त्यानं मनावर घेतलं तर अडीच."

सोमवारी तुळशीराम सहकुटुंब आला. अंबादासनं बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं, तापलं, गप्प झालं. गोदावरीनं रताळी आणली. पहिला अर्धा तास तुळशीराम पडद्याकडंच बघत होता. मग त्यानं दुसरं रताळं मागितलं. मग तुळशीरामाची बायको म्हणाली की गोदावरीची थोरली जाऊ आपल्या मावशीच्या शेजारच्या बिळात राहायची. बस्स! बायका एकमेकींना "अगं" म्हणायला लागल्या. रंगनाथ आणि शेवंता पाणी आणायला म्हणून गेले ते लवकर आलेच नाहीत.

अडीच तासांनी आकडा आला. नऊ.

 अंबादासनं डोळे मिटून घेतले.

"नऊ?" तुळशीराम म्हणाला.

"नऊच."

तुळशीरामानं मिशा फेंदारल्या. "अडीच तास विचार करून दिलेत. एकेक गुण पारखून दिलेला दिसतोय. आमच्या लग्नात छत्तीसच्या छत्तीस जुळले होते, आणि बघा!"

"काय बघा?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"काही नाही. विहीणबाई, सुपारी आणा."

शेवंतेचं लग्न थाटात झालं. पुढं अंबादासची भरभराट झाली. त्यानं दारावर पाटी लावली : "नवीन प्रोसेसर बसवला आहे. आकड्यास अडीच तास लागतील." आणि ती वाचून मुंगसाकडं सिंहाच्या कचेरीतून निरोप आला, की आमच्याकडचं डोकं फारच पळतंय, येताना पट्ट्या काढायचं हत्यार आणावं.

तात्पर्य : मुलांनो, डोकं खुशाल नवीन घ्यावं, त्याला कुणाची हरकत नसते. फक्त ते चालू देऊ नये.