तो भाग संपला

आमच्या शेजारच्या खरातकाकांशी भांडायचं असेल तर एका बैठकीत उरकून घ्यावं. दुसऱ्या दिवसावर ठेवलं की भांडण नासतं. रात्री तुम्ही धुमसत झोपता, सकाळी दोन झणझणीत टोमणे तयार करून उठता, आणि दाराची बेल वाजते. दारात काका. हातात वाटी, वाटीत शेंगदाण्याची चटणी, आणि चेहऱ्यावर कालचं काहीही नाही.

"घ्या सेक्रेटरीबाई. ताजी हाय, उखळात कांडलेली."

"काका, काल मीटिंगमध्ये चारचौघांत तुम्ही मला हुकूमशहा म्हणालात."

"काल?" काका खरोखरच आठवायचा प्रयत्न करतात. "ते व्हय! तो भाग संपला की."

मी रावेतच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. हौसेने नाही. ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला मी गैरहजर होते, एवढाच माझा गुन्हा. काकांचा फ्लॅट आमच्या शेजारी आणि मधली भिंत एक. त्या भिंतीतून रोज दुपारी चारला आमच्या स्वयंपाकघरात आवाज येतात. सोमवारी घोड्यांच्या टापा आणि गोळीबार. मंगळवारी कुणीतरी किंचाळतं. शुक्रवारी अवकाशयान सुटतं, आणि त्याचा आवाज असा असतो की मी हातातलं लाटणं टाकून आधी कुकर बघते.

काका बघतात त्या एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन टीव्ही मालिका. काळ्यापांढऱ्या. इंटरनेटवर फुकट मिळतात म्हणे. त्या मालिका तिकडे चालू होत्या तेव्हा आपल्याकडे टीव्ही नावाचं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि काका तर पाळण्यातही नव्हते. बार्शीकडच्या एका खेड्यातून पोटासाठी पिंपरीत आलेला, उभा जन्म कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये पत्रे दाबण्यात घालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर काय करेल? भजनी मंडळ, फार तर पतसंस्था. पण नाही. काकांना टेक्सासच्या धुळीत उभे असलेले फौजदार आवडले.

त्यांचं वेळापत्रक ठरलेलं. सोमवार घोडेवाले. मंगळवार गुप्त पोलीस. बुधवार कोर्ट. गुरुवारी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम, त्यात काका दर प्रश्नाला मराठीतून उत्तर देतात आणि ते बरोबर आलं असं स्वतःच ठरवतात. शुक्रवार परग्रह. शनिवार कुटुंब. एका दिवशी एकच भाग. मी एकदा आवाज कमी करा म्हणायला गेले आणि काकांनी मला चहाला बसवून घेतलं. कोर्टाचा दिवस होता.

"हा वकील कधीच हरत न्हाई बघा," काका म्हणाले. "खुनी शेवटाला आपण हून उभा ऱ्हातो आन् सांगतो, मीच मारलं म्हणून. हितं आपल्याकडं दुचाकी कुणी आडवी लावली ते सुदिक कुणी सांगत न्हाई."

काकांचं इंग्रजी कंपनीतलं. स्टार्ट, स्टॉप, ब्रेकडाऊन, रिजेक्ट. एवढ्या भांडवलावर ते अख्खा खटला समजून घेतात आणि मग जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये ज्याला गाठतील त्याला समजावून सांगतात. शिवाय मालिकांतली ही खाती त्यांनी आम्हा सगळ्यांना वाटून टाकली आहेत. वॉचमन फौजदार. पाण्याचा टँकर आला की "परग्रहवाले उतरले." मी जज, कारण मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटते.

मी त्यांना एकदा चिडूनच विचारलं, "काका, इतक्या मराठी मालिका आहेत. काकू बघतात त्या बघा ना."

काकू म्हणजे सुमनकाकू, त्यांची बायको. शांत बाई. त्या आतून हसल्या. काका मात्र उखडले.

"हिची ती सून गणपतीपासनं उंबऱ्यावर उभी हाय. दिवाळी आली, घ्या म्हणावं तिला आत! आन् मधनंच बघायला बसलं तर काय कळत न्हाई. आमच्यात तसं न्हाई. घोड्यावरनं येतो, गोळी घालतो, जातो. पुढच्या सोमवारी टोपी पुन्यांदा कोरी. मागचं काय ठाव असायची गरजच न्हाई."

मग त्यांनी मला त्यामागचं गणित सांगितलं. प्रेसशॉपमध्ये शिफ्ट आठवड्याला बदलायची. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी घरी आणि जागे असायचे ते तीनातल्या एकाच आठवड्यात. "मागच्या येळंला बघितली तवा ती नवरी होती. बघतोय तर ही पांढऱ्या साडीत! म्हणलं, अगं काय झालं? नवरा कसा गेला? तर समदं घर माझ्यावर वराडलं, शूऽऽ! गप बसा! मग सोडलं इचारायचं."

मी तेव्हा हसले होते. हसण्यासारखंच होतं.

पण हा न्याय काकांनी टीव्हीपुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. इमारतीला कोणता रंग द्यायचा यावर आमच्या तीन मीटिंगा झाल्या. पहिल्या मीटिंगमध्ये काकांनी मोतिया रंगासाठी रान उठवलं, मला हुकूमशहा म्हणाले ते तेव्हाच, आणि सगळ्यांना वळवलं. पुढच्या मीटिंगमध्ये "हा पिवळट रंग काढला कुणी?" असा सवाल त्यांनीच केला. मी मागच्या मीटिंगची आठवण करून दिली. "तो मागचा भाग, जजसाहेब!" लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वॉचमनला ते संध्याकाळी झोपला म्हणून शिव्या घालतात आणि सकाळी त्याच्याच शेजारी बसून तंबाखू मळतात. त्या बिचाऱ्याला कळत नाही की आपली नोकरी आहे का गेली.

मग पाण्याचा तो प्रकार झाला. इमारतीची मुख्य पाइपलाइन काकांच्या बाथरूममागून जाते. ती गळत होती. प्लंबर महामुश्किलीने मिळाला, काका म्हणाले "मी घरीच हाय, तुमी बिनघोर ऱ्हावा," आणि मी माझ्या अर्ध्या दिवसाच्या नोकरीवर निघून गेले. प्लंबर आला तेव्हा काकांच्या दाराला कुलूप. काकू देवळात आणि काका चिंचवडला शेंगदाणे आणायला. प्लंबर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून गेला, आणि पुढे त्याने फोन उचलला नाही. अख्ख्या इमारतीने मला फोन करून माझा उद्धार केला. एका सद्गृहस्थांनी तर अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल. काका. वाटी.

"घ्या. कालचे शेंगदाणे, लई गोड निघाले."

"काका," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "माझ्या नळाला पाणी नाहीये. तुमचा भाग संपला असेल. माझा चालू आहे! तुमचा संपला की समोरच्याचाही संपतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? आम्ही काय पडद्यावरची माणसं आहोत, दर सोमवारी कोरी टोपी घालून येणारी?"

काकांनी वाटीकडे बघितलं. मग वाटी घेऊन परत गेले. चटणी परत नेण्याची ही पहिलीच वेळ.

त्या दुपारी चारला भिंतीतून काही आवाज आला नाही. पाचला सुमनकाकू आल्या, तीच वाटी घेऊन.

"काय बोललात हो ह्यांना? टीव्ही लावला न्हाई. नुसते बसल्यात."

मी पाण्याचं रामायण सांगितलं. काकूंनी ते पुरतं ऐकलं, आणि मग खुर्चीवर टेकून त्यांनी त्यांच्या मुलीची, वैशालीची, गोष्ट सांगितली. मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. लग्न होऊन नगरला दिलीय, एवढंच. वैशाली नगरला नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी ती एक बॅग घेऊन माहेरी आली होती. नवरा हात उचलायचा. तिने बापासमोर सांगायला सुरुवात केली, आणि काकांनी अर्ध्यात तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झालं गेलं. तो भाग संपला. आता नव्यानं सुरू करायचं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते स्वतः तिला सासरी सोडून आले. जाताना जावयालाही चटणी नेली.

महिनाभरात ती तिथून निघाली, ती माहेरी आलीच नाही. आता कुरुळीत खोली घेऊन राहते, महाळुंग्याच्या एका कंपनीत नोकरी करते. आईशी बोलते. काका दर रविवारी फोन लावतात. "काय वैशू, जेवलीस का?" ती विचारते, "बाबा, तुम्हाला काही बोलायचंय का?" काका म्हणतात, "न्हाई, सहज." फोन संपतो. "बोलली," असं म्हणून काका पेपर उघडतात.

मला संताप आला. पोरीला उचलून परत त्या घरात नेऊन ठेवणारा बाप, आणि वर चटणी! तो संताप माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार, कारण काकू एकदम म्हणाल्या, "वाईट न्हाईत हो. त्यांना कधी पुरतं ठावच नसायचं. थर्ड शिफ्ट करून सकाळी यायचे, पोरगी रुसून शाळंत गेलेली. इचारायचे, काय झालं? आमीच म्हणायचो, झोपा तुमी, सांगते मागनं. ते मागनं कधी आलंच न्हाई. मग त्यांनी इचारायचंच सोडलं. घरात आले की जे समोर दिसंल ते खरं धरायचे."

मला शनिवारची मालिका आठवली. तिच्यात टोपीवाला बाप रोज पाचाच्या ठोक्याला घरी येतो, खुंटीला टोपी अडकवतो आणि पोरं जिन्यावरून धावत येतात. बाकी सगळ्या मालिकांवर काकांची टिप्पणी चालू असते, पण ही ते गप्प बसून बघतात. मी एकदा विचारलं तर एवढंच म्हणाले होते, "ह्या माणसाला कायम दिवसाची जनरल शिफ्ट हाय."

पंधरा दिवसांनी काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वैशालीने अर्ध्या दिवसाची रजा काढली, आईला दवाखान्यात नेलं. ती घरापर्यंत सोडायला येणार म्हटल्यावर काकूंनी मला आधीच बजावून ठेवलं, "तुमी थांबा बरं का आमच्याकडं. हे कायतरी बोलून बसतील आन् ती दारातनंच माघारी जाईल."

म्हणून त्या शनिवारी दुपारी मी काकांच्या सोफ्यावर अवघडून बसले होते. टीव्हीवर टोपीवाला बाप नुकताच दारात आला होता. लिफ्टचा आवाज झाला. वैशाली आईचा हात धरून आत आली. सावळी, सडसडीत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. तिने आईला पलंगावर बसवलं, औषधांची पिशवी टेबलावर ठेवली, कोणतं कधी ते मला समजावलं. बापाकडे बघितलं नाही. मग पर्स उचलली.

काका उभे राहिले. "ये की. चहा घे," ते म्हणाले. "झालं गेलं..."

काकूंनी पट्टी लावलेल्या डोळ्यानिशी माझ्याकडे तोंड वळवलं. वैशाली दाराकडे निघालीच होती.

काकांनी वाक्य तिथेच सोडलं. रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. टोपी अजून खुंटीला लागायची होती. भाग अर्धा टाकून टीव्ही बंद झालेला मी त्या घरात कधी बघितला नव्हता.

"वैशू," ते म्हणाले. "तू बॅग घिऊन आली हुतीस त्या दिशी, काय सांगत हुतीस?"

वैशाली थांबली. "आता कशाला बाबा?"

"मी मधनंच ऐकलं. मागचं मला काय ठाव न्हाई. लगनानंतरचं न्हाई, त्याच्या आदीचं बी न्हाई. तू शाळंत धाव्वीला हुतीस तवा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हतीस, त्ये का, त्ये सुदिक मला ठाव न्हाई." काकांनी रिमोट टेबलावर ठेवला. "सांग. पहिल्यापासनं सांग."

"लांबेल," ती म्हणाली.

"लांबू दे. मला आता शिफ्ट न्हाई."

पर्स खांद्यावरून काढून वैशाली पलंगाच्या कडेला, आईच्या पायाशी, टेकली. मी उठले. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं, आणि मला डोळे पुसायचे होते. काय माणूस आहे हा! दोन वर्षं पोरीला रडवलं, माझं पाणी तोडलं, आणि आता धड राग धरायचीही सोय ठेवत नाही. दार मी हळूच ओढून घेतलं.

स्वयंपाकघरात येऊन मी कणीक मळायला घेतली. भिंतीतून वैशालीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मध्येच तो चढायचा, मध्येच तुटायचा, बराच वेळ बंदच व्हायचा. आणि दर वेळी, तो थांबला की जरा वेळाने, पलीकडून काकांचा आवाज यायचा.

"मग?"