ओळखीच्या बाईंचे तमाले

लीमातल्या त्या लष्करी अकादमीत एडिलबेर्तोइतका ऐटबाज कॅडेट शोधून सापडला नसता! येत्या शनिवारच्या संचलनात झेंडा धरायचा मान त्याचाच. घरचं कुणी विचारलं की पठ्ठ्या सांगायचा, "आमचा खाण्यापिण्याचा मोठा व्यवसाय आहे." मोठा म्हणजे एक इलेक्ट्रिक सायकल, मागे पेटी आणि पुढे भोंगा! त्यावरून त्याची आई, एर्मेलिंदाबाई, गल्लोगल्ली केळीच्या पानातले मक्याचे तमाले विकायची.

रविवारी सुट्टी संपवून स्वारी परत निघाली, तर बसवाल्यांचा संप! संध्याकाळच्या आत पोचलं नाही तर झेंडा गेलाच.

"माझी सायकल घेऊन जा की," आई म्हणाली.

"हिच्यावरून? आई, लोक बघतील!"

"मग चालत जा. झेंडा सोड, हातात झाडूसुद्धा देणार नाहीत!"

नाइलाजाने तो निघाला. पेटीवरच्या रंगीत अक्षरांवर त्याने पोतं मात्र नीट बांधलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐटीत म्हणाला, "मामाने स्पेनहून पाठवलीय!"

मैदानाच्या कडेने जातोय तोच बिगुल वाजला. झेंडा उतरत असताना जो जिथे असेल तिथे त्याने ताठ उभं राहायचं, पापणीसुद्धा हलवायची नाही, असा तिथला नियम. एडिलबेर्तो टुणकन उतरला आणि त्याने कडक सलाम ठोकला. उतरताना गुडघा कुठेतरी लागला, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"गरमागरम तमालेऽऽ! या ताई, या दादा!"

आईचा आवाज! भोंग्यातलं रेकॉर्डिंग सुरू झालं होतं! बटण वीतभर अंतरावर. पण हात हलवला तर झेंड्याचा अपमान, आणि नाही हलवला तर...

"कोंबडीचे तमालेऽऽ! डुकराचे तमालेऽऽ!"

रांगेतल्या पोरांचे खांदे गदगदू लागले. बिगुलवाल्याला हसू फुटलं आणि सूर भलतीकडेच गेला. एडिलबेर्तोचे कान मिरचीसारखे लाल झाले. झेंडा आज मेला उतरता उतरेना!

एकदाचा उतरला. कर्नलसाहेब तरातरा आले.

"हे दुकान कुणाचं?"

आता तरी खरं बोलावं ना! पण नाही. "साहेब, एका... ओळखीच्या बाईंचं आहे."

तेवढ्यात भोंगा म्हणाला, "माझ्या एडिलबेर्तोच्या आवडीचे तमालेऽऽ! लेक माझा सैन्यात आहे हो!"

सगळं मैदान खदाखदा हसलं. हसले नाहीत ते एकटे कर्नल.

"तू तसूभरही हलला नाहीस, म्हणून झेंडा तुझ्याकडेच राहील," ते हळूच म्हणाले. "पण आईला ओळखीची बाई म्हणालास, त्याला काय शिक्षा द्यायची ते मला माहीत नाही."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं! लाजेने त्याला वर बघवेना. सोमवारी आई सायकल न्यायला आली, तेव्हा कर्नलनी तिला सगळं सांगितलं. ती लेकाला न भेटताच निघून गेली.

शनिवारी झेंडा धरून तो मैदानाच्या मधोमध उभा होता. सगळं चिडीचूप. आणि कुंपणापलीकडून भोंगा आला. आवाज तोच, पण शब्द नवे.

"ओळखीच्या बाईंचे गरमागरम तमालेऽऽ!"

आणि आजही पापणी हलवायची सोय नव्हती.