जागं ठेवणारी रील

लग्नाची जेवणं उरकली, टेबलं भिंतीला लागली आणि इशबेल फिडल हनुवटीखाली धरून बँडच्या पहिल्या खुर्चीत बसली. ही खुर्ची जाईल, एवढीच तिला धास्ती होती. बाळंतपणानंतरचा हा पहिलाच नाच. तान्ह्या कॅलमला दात येत होते आणि आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"जमणार नसेल तर आत्ताच सांग पोरी," अकॉर्डियनवाले मर्डोकाका म्हणाले. "शेजारच्या पोर्ट्री गावचा फिडलवाला तुझ्या जागेवर टपूनच बसलाय."

"जमेल हो काका!"

तिने आजोबांची रील धरली. हेरिंग मासळीच्या बोटीवर सुकाणू धरताना डुलकी लागू नये, म्हणून आजोबांनी बांधलेली ही नाचाची धावती धून. इशबेलच्या बोटांना ती इतकी पाठ, की त्यांना इशबेलची गरजच नव्हती. तिथेच घात झाला.

बँडचा नियम साधा: पहिल्या फिडलने मान हलवली की पुन्हा पहिल्यापासून, पाय उचलला की शेवट. जरा वेळाने इशबेलच्या पापण्या मिटल्या आणि मान खाली गेली; बोटं मात्र वाजवतच राहिली.

"पुन्हा!" काका गरजले.

मान पुन्हा खाली गेली. पुन्हा पहिल्यापासून. नवरीने बूट भिरकावले. पाद्रीबाबा खिडकीला लटकले.

"काका, बास की आता!" नवरदेव धापा टाकत ओरडला.

"मला काय सांगतोस? ती मान हलवतेय ना!"

"हात सोडायचे नाहीत कुणी!" रिंगणातून ऐंशीच्या एफीआजी कडाडल्या. "तरणे आहात की म्हातारे!"

शेवटी काकांचेच दंड गळाले. अकॉर्डियनने मोठा सुस्कारा सोडला. इशबेल दचकली, घाईघाईने पाय उचलला. मग नुसत्या टाळ्या.

"आजोबांच्या वरताण निघालीस गं," काका घाम पुसत म्हणाले. "खुर्ची तुझीच. पोर्ट्रीवाला बसू दे घरी."

इशबेलला काही उमगेना. एफीआजी शेजारी धप्पकन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "झाली का झोप?"

इशबेलचा चेहरा उतरला. "कळलं तुम्हाला?"

"चार पोरं वाढवलीत मी. नाच थांबला असता तर जागी झाली असतीस, म्हणून नाचवलं सगळ्यांना." त्यांनी पोटऱ्या चोळल्या. "उद्या माझे पाय चेपायला ये. पोरालाही आण. मी सांभाळते त्याला, तू नीट आडवी हो."