खालच्या टोकाचे भोयर

नागपूरला बदली होऊन आलो त्या दुपारी माझं लोखंडी कपाट जिन्यातून जाईना, म्हणून हमालांनी ते दोर बांधून गॅलरीतून वर ओढलं. कपाट पोचलं, दोर तसाच लोंबकळता ठेवून हमाल निघून गेले. मी चहा करून प्यायलो आणि सहज गॅलरीत आलो, तर खाली अंगणात एक टक्कल पडलेला माणूस त्याच दोराचं टोक उजव्या हातानं कमरेशी आवळून, मान वर करून उभा होता. मी विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही साहेब," तो म्हणाला. "धरून राहिलो."

मी साताऱ्याचा. आमच्याकडे 'धरून राहिलो' म्हणजे मघाशी धरलेलं शेवटपर्यंत सोडलं नाही. इथे त्याचा अर्थ एवढाच, की आत्ता धरतोय. शेजारच्या भोयरांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच खरे असतात, हे मला पुढे कळलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कपाट वर चढताना दिसलं आणि दोराचं खालचं टोक मोकळं लोंबकळताना दिसलं, एवढं त्यांना पुरलं. मी खाली जाऊन "सोडा आता" म्हणालो तेव्हा त्यांनी सोडलं, आणि ओळख म्हणून डावा हात पुढे केला. उजवा लवकर मोकळा होत नाही, म्हणाले.

हा उजवा हात आमच्या इमारतीत प्रसिद्ध आहे. तळमजल्यावर एक बारसं होतं. भोयरांना कोणीतरी दोन मिनिटं म्हणून पाळण्याची दोरी दिली. मूल झोपलं, बायका गाणी म्हणून दमल्या, पंगत बसली, तरी यांच्या हातातली दोरी सुटेना. शेवटी ताट पाळण्यापाशी आणून दिलं आणि हे डाव्या हातानं श्रीखंड खाऊ लागले. मुलाच्या आजीनं तोंडाला पदर लावला. बसमध्ये तीच तऱ्हा. वरचा दांडा धरला की धरला, उमरेडला गावी जाताना एकदा उतरायचं राहून पुढच्या थांब्यापर्यंत गेले होते. मला हे सगळं फार विनोदी वाटे आणि साताऱ्याला फोन केला की मी ते रंगवून सांगे. आता सांगत नाही.

भोयर सरकारी कचेरीत कारकून. वडील उमरेडला हातमागावर बसायचे. उंचीची यांना इतकी भीती, की घरातला बल्ब बदलायलाही स्टुलावर चढत नाहीत. ते काम वैशालीताई करायच्या. वैशालीताई म्हणजे त्यांची बायको, एका शाळेत पीटी शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की कडे चढायच्या. लग्न दोघांचंही उशिराच झालं. हे एक्केचाळीस, त्या सदतीस. बघायच्या कार्यक्रमात पोहे झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोर धरता येते का?"

"मले वाटलं, काही परीक्षा असंल," भोयर सांगतात. "मी म्हणलं, बाबाच्या मागावर सूत धरलं आहे. सैल झालं का बोटाले कळते. झालं. पक्कं. तिले नवरा नव्हता पाहिजे साहेब, खालचा माणूस पाहिजे होता." हे वाक्य ते अभिमानानं म्हणतात.

तर हे दोघं हनिमूनला थायलंडच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर गेले, तेही कडे चढायला. तिथे समुद्रातून उभे चुनखडीचे कडे निघतात. वैशालीताईंना किती वर्षांपासून तिथे जायचं होतं, पण दोर धरायला भरवशाचं माणूस नव्हतं. आता मिळालं होतं. नऊ दिवस त्या चढल्या आणि नऊ दिवस भोयर खाली वाळूत उभे राहून वर बघत होते. चढणाऱ्याच्या कमरेला दोराचं एक टोक, तो दोर वरच्या कडीतून फिरून खाली येतो, आणि दुसरं टोक यांच्या मुठीत. पाय घसरला तर वाचवणारी तीच मूठ. त्यामुळे फोटो काढायला हात मोकळा नव्हता. वाटाड्यानं काढलेले फोटो त्यांनी मला दाखवले. बहुतेकांत वैशालीताईंच्या बुटांचे तळवे आहेत. एकात भोयर आहेत, तोंड उघडं, मान मागे पडलेली आणि पाठीमागे हिरवानिळा समुद्र.

मी विचारलं, "समुद्र कसा होता?"

"असंल चांगला. मागून आवाज येऊन राहिला होता."

"संध्याकाळी तरी बघायचा."

"संध्याकाळी मान खाली येत नव्हती."

मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी मला त्या नऊ दिवसांतली खरी गोष्ट सांगितली. वैशालीताई जमिनीवर त्यांना 'अहो' म्हणत. 'अहो, पाणी घ्या', 'अहो, टोपी घाला'. पण दहा हात वर गेल्या, की 'अहो' म्हणायला वेळ नसे. वरून ओरडत, "ढील दे बे! खीच बे, खीच!" नागपुरात मित्र मित्राला बे म्हणतो, जवळच्या बाईला हक्कानं वं म्हणतात, पण नवऱ्याला बे कोणी म्हणत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भोयरांच्या अंगावर काटा आला होता. "घरी बाबा मले 'अरे' म्हणे, ऑफिसात 'भोयर' म्हणतेत. इतक्या हक्कानं मले कोणीच कधी बोललं नव्हतं," ते म्हणाले. नंतरची चार वर्षं दर सुट्टीत ते दोर धरायला गेले, आणि माझ्या मते ते दर वेळी त्या एका अक्षरासाठी गेले.

मग वैशालीताईंच्या बोटांना संधिवातानं धरलं. आधी सकाळी मूठ वळेना, मग दिवसभर. शाळेत रजा टाकली, पुढे नोकरी सोडली. आता नळ पिळतानाही त्या दोन्ही तळहात लावतात. फिरायला येत नाहीत, गच्चीवर येत नाहीत. खिडकीशी बसतात. भोयर सकाळी कचेरीला जाण्याआधी घरातल्या सगळ्या डब्यांची, बरण्यांची, बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवतात. मिठाच्या बरणीचंसुद्धा. मला वाटलं होतं, या माणसाच्या प्रेमाला तोड नाही. एकदा मी ताक द्यायला गेलो तेव्हा वैशालीताई म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी सांगा यायले. मले घरात काही उघडूच देत नाहीत. मी काय करू दिवसभर?"

मी भोयरांना सांगितलं. तर म्हणाले, "दोन वर्सं झाले साहेब, घरात नुसतं 'अहो' चालू आहे. ती रागावली असती तरी चाललं असतं. आदरानं वागून राहिली."

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, उद्या मी चढतो. मला वाटलं, मस्करी करतात. वैशालीताईंच्या जुन्या शाळेच्या मैदानात चढाईची भिंत आहे, सुट्टीमुळे तिथे कोणी नव्हतं, परवानगी त्यांनी काढली होती. दोर वैशालीताई धरणार. दोर धरणाऱ्याच्या कमरेला एक कडी असते, दोर एकदम पळाला तर तो तिच्यात आपोआप अडकतो. तरी त्यांच्यामागे दोराचं शेपूट मी धरायचं. वैशालीताई आधी नाही म्हणाल्या, मग हे कसे चढतात ते बघायला तरी येते म्हणाल्या. काहून हे खूळ, असं त्या रिक्षात दोनदा म्हणाल्या.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो. त्या दिवसानंतर वैशालीताईंची बोटं चार दिवस सुजलेली होती, आणि ते दोघं पुन्हा तिथे गेले नाहीत. डॉक्टरांनी भोयरांना चांगलंच झापलं, आणि ते बरोबरच होतं.

मैदानात भोयरांनी दोर वैशालीताईंच्या हातात देऊनच टाकला आणि ते चढले. पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, आयुष्यात स्टुलावर न चढलेला माणूस त्या रंगीत खुंट्या चाचपत वर गेला. साताठ हात गेला असेल. तिथे एक पाय लटपटायला लागला आणि मग थांबेचना. मी दोर इतका आवळला होता, की माझ्याच तळव्याला वळ उठले. वैशालीताई मान वर करून बघत होत्या. त्यांच्या अर्धवट वळलेल्या मुठीत दोर होता. मला माहीत होतं भोयर कशाची वाट बघतायत. मी मनात म्हणत होतो, म्हणा हो, एकदा म्हणा.

भोयरांचा हात सुटला. दोर ताणला, कडीत अडकला आणि ते भिंतीला टेकून लोंबकळत राहिले.

"अहो," वैशालीताई खालून हळूच म्हणाल्या, "या खाली. लागंल तुमाले."

भोयरांनी वरूनच मान डोलावली. त्या क्षणी मला त्यांचा चेहरा दिसला नाही, याचं मला बरं वाटलं.

आम्ही त्यांना सावकाश उतरवलं. त्यांच्या पोटाशी दोराची गाठ होती आणि सगळा भार तिच्यावर आल्यामुळे ती दगडासारखी घट्ट झाली होती. अशी गाठ भोयर एरवी गप्पा मारता मारता सोडतात. त्यांचा हात गाठीकडे गेलाही. तेवढ्यात वैशालीताई पुढे आल्या आणि गाठीला बोटं लावली.

बोटं घसरली. त्यांनी अंगठ्यानं रेटून पाहिलं, तळव्यानं दाबून पाहिलं. मी मदतीला एक पाऊल टाकलं, तर भोयरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जागीच थांबलो. मग त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले. वैशालीताई खाली बसल्या, गुडघ्यावर, गाठ डोळ्यांसमोर येईल अशा. ऊन मैदानातून निघून गेलं. चौकीदार एकदा येऊन बघून गेला. गाठीचा एक पदर जरा हलल्यासारखा वाटला आणि पुन्हा तसाच बसला.

"नाही होत मले," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता, पण हात तिथेच होता.

"होऊ दे वं," भोयर म्हणाले. "मी उभा आहो."