अडुळसा अलीकडे, मध पलीकडे

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता. ओढा तसा किरकोळच. उन्हाळ्यात तर ससासुद्धा पाय न भिजवता दगडांवरून पलीकडे जाई. पण ओढा आहे म्हटल्यावर दोन काठ आले, आणि दोन काठ आले म्हणून दोन सरकारे आली.

अलीकडे शिंगोजीराव गव्याचे राज्य होते. पलीकडे झिपरोबा अस्वलाचे. दोघेही सकाळी उठले की आधी समोरच्या काठाकडे बघून नाक मुरडत आणि मग तोंड धूत.

अलीकडच्या काठावर एका बिळात साळिंदरांचे एक जोडपे राहत होते. साळूबाई पक्की गव्याची. तिचे यजमान काटेराव पक्के अस्वलाचे. तुमच्या घरी आईबाबा जेवताना कशावरून भांडतात ते मला सांगू नका, पण या घरात याच्यावरून भांडत.

"अहो, इतकं त्या अस्वलाचं कौतुक आहे तर तिकडेच जाऊन का राहत नाही?" साळूबाई विचारी.

"तू इकडे आहेस म्हणून," काटेराव म्हणत.

हे अगदी खरे होते. पण साळूबाईला त्यातही अस्वलाचा डाव दिसे.

एके वर्षी जंगलात घुरघुर नावाची साथ आली. आधी घसा घुरघुरे, मग छाती, मग जनावर आडवे होई ते उठतच नसे. औषध सगळ्यांना ठाऊक होते. अडुळशाची पाने चावायची आणि वर मध चाटायचा. आता झाले होते असे, की अडुळसा उगवे फक्त अलीकडे आणि मधाची पोळी लागत फक्त पलीकडच्या कड्याला. पूर्वी जनावरे पाला देऊन मध आणत. आता तसे केले असते तर समोरच्या सरकारचा काही उपयोग असतो असे सिद्ध झाले असते.

म्हणून गव्याने जाहीर केले, "नुसता अडुळसा पुरतो. मधाने घसा चिकटतो."

अस्वलाने जाहीर केले, "नुसता मध पुरतो. अडुळशाला तर बकरीसुद्धा तोंड लावत नाही."

दोन्हीकडे जनावरे भराभर मरू लागली. मग कुठले सरकार बरे, याची तुलना सुरू झाली. या जंगलात तुलना आभाळाकडे बघून करत. ज्या काठावर गिधाडे जास्त, ते सरकार नालायक. गिधाडांना कुठलाच पक्ष नव्हता, त्यामुळे त्यांचे सगळे मानत. सकाळी उठावे, आभाळ बघावे आणि शेजाऱ्याशी भांडावे, असा सगळ्यांचा दिनक्रम झाला.

तेव्हा दोन्ही सरकारांनी कोल्ह्यांची आरोग्य पथके नेमली. पथकाचे काम सोपे होते. कुणी मरायला टेकला की त्याला झाडाच्या सालीवर घालून ओढत समोरच्या काठावर नेऊन टाकायचे. मरेल तो तिकडे मरेल.

एके दिवशी काटेरावांचा घसा घुरघुरला. साळूबाईने पाने चारली, पण गुण येईना. काटेरावांचा श्वास अडकू लागला. तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी कोल्हा आला.

"पाहुणे जाणार दिसतात," कोल्हा म्हणाला. "इथे नका जाऊ. चला, पोचवतो."

साळूबाई ओढ्यापर्यंत रडत गेली. भांडण कितीही असो, नवरा तो नवराच, आणि तिला तो हवा होता.

पलीकडे कोल्ह्यांनी काटेरावांना कड्याखाली टाकले. वरच्या पोळ्यातून मध ठिबकत होता. काटेरावांनी पडल्या पडल्या चाटला. इतक्यात अस्वलाचे कोल्हे आले. "हा तिकडचा. आपल्या आभाळात गिधाडं नकोत," म्हणाले, आणि त्यांना परत अलीकडे आणून अडुळशाच्या झुडपात फेकले. काटेरावांनी जवळची पाने चावली. मग गव्याच्या कोल्ह्यांनी त्यांना पुन्हा पलीकडे नेले. दोन्ही पथके फार कामसू होती. अशा फेऱ्या होत राहिल्या आणि तिसऱ्या प्रहरी काटेराव सालीवर उठून बसले. म्हणाले, "भूक लागली."

बातमी फुटली. गवा आणि अस्वल दोघेही धावत ओढ्यावर आले. बरा झालेला आजारी यापूर्वी कुणाकडेच नव्हता.

"अडुळशाने बरे झालात ना?" गव्याने विचारले.

"मधाने ना?" अस्वलाने विचारले.

काटेराव भोळे. त्यांनी खरे सांगितले. "दोन्ही घेतलं. दोन्ही घेतलं की उतार पडतो."

गव्याने अस्वलाकडे पाहिले. अस्वलाने गव्याकडे पाहिले.

"याला घुरघुर झालीच नव्हती," गवा म्हणाला.

"मुळीच नव्हती," अस्वल म्हणाले. दोन्ही सरकारांचे एवढ्या एका गोष्टीवर एकमत झाले. कोल्ह्यांच्या फेऱ्याही त्याच दिवशी बंद झाल्या.

आठवडा गेला आणि साळूबाईचा घसा घुरघुरला.

काटेराव तसेच उठून पलीकडे गेले. पहाऱ्यावरच्या कोल्ह्याने अडवले.

"अडुळसा कसा असतो?" त्याने विचारले.

"निव्वळ पाला," काटेराव म्हणाले.

"आपलाच दिसतोस. घे मध."

पळसाच्या पानात मध घेऊन ते घरी आले. साळूबाईने तोंड फिरवले.

"त्या झिपऱ्याचा मध माझ्या जिभेला लागता कामा नये."

"अगं, मी बरा झालो की त्याने."

"तुम्हाला घुरघुर झालीच नव्हती," साळूबाई धापा टाकत म्हणाली. "सरकारने सांगितलंय."

काटेराव बाहेर येऊन बसले. त्यांना रडू आले. आत बायकोचा श्वास करवतीसारखा वाजत होता. साळूबाई गेली तर भांडायचे कुणाशी, हा विचार त्यांना सोसवेना. मग ते उठले, अडुळशाची कोवळी पाने तोडली, मधात चांगली घोळवली आणि आत गेले.

"शिंगोजीरावांनी पाठवलाय," ते म्हणाले. "नवा अडुळसा. सरकारी."

साळूबाईने पान चावले. "गोड आहे."

"सुधारलाय त्यांनी."

"मी म्हणत नव्हते?" साळूबाईने दुसरे पान घेतले. "काम करणारं सरकार असं असतं."

"चुकलंच माझं," काटेराव म्हणाले. आयुष्यात ते इतके खोटे कधी बोलले नव्हते.

दोन दिवसांत साळूबाई उठली आणि बिळोबिळी सरकारी गोड अडुळशाची वाखाणणी करत सुटली. जनावरे काटेरावांकडे येऊ लागली. ते अलीकडच्यांना गव्याचा गोड अडुळसा देत, आणि मधात पाने कुटून पलीकडच्यांना अस्वलाचा कडू मध म्हणून देत. साथ ओसरली. गिधाडे दुसऱ्या जंगलात गेली. गव्याने आणि अस्वलाने आपापल्या काठावर विजयोत्सव केले, आणि दोन्ही उत्सवांत कोल्ह्यांचे सत्कार झाले.

साळूबाई मात्र रोज जेवताना नवऱ्याला विचारते, "एवढी साथ आली, सरकारने रात्रीचा दिवस केला. तुम्ही काय केलंत? नुसत्या ओढ्यावर चकरा मारल्यात."

काटेराव मान खाली घालून कंद खातात. साळूबाईचा आवाज खणखणीत आहे, त्यात घुरघुर नाही, हे ऐकून त्यांना फार बरे वाटते.

तात्पर्य : साथीच्या दिवसांत, मुलांनो, खरे बोलू नये. खरे बोलणारा कधी आजारीच पडलेला नसतो. औषध कुठल्याही काठचे असो, पाजताना ते आजाऱ्याच्या पक्षाचे आहे असे सांगावे. पुढे जन्मभर टोमणे ऐकावे लागतात, पण टोमणे मारायला माणूस शिल्लक राहते.